धम्मरत्नची चौथी कॅसेट

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कटकट नको. रस्टबेल नावाच्या मेटल बँडची सगळ्यात भारी कॅसेट चौथी. तीही वणीत, धम्मरत्न नगराळेच्या दुकानात, ऐन मे महिन्यात भरलेली चौथी. ज्या इंग्रज पोरांनी ती मुळात वाजवली, त्यांनाही ती तशी कधी जमली नाही. हे मत व्हायला मला दोन वर्षं लागली आणि त्यात एक चांगला मित्र जवळजवळ हातचा गेला. तो परत मिळाला तो धम्मरत्नमुळे. मी तसा कोणाचे आभार मानणारा माणूस नाही, आमच्या घरात ती पद्धतच नाही, पण या माणसाचे मानायचे राहून गेले तर माझ्यासारखा करंटा मीच.

गोष्ट दोन हजार पाचची. बसस्टँडवरून बाजाराकडे जाताना किसनराव टेलरच्या दुकानाला चिकटून सहा बाय आठची एक खोली होती, तिच्यावर 'सूर रेकॉर्डिंग सेंटर' अशी पाटी. आत तिशीतला एक सावळा, किडकिडीत माणूस कानामागे स्क्रू-ड्रायव्हर खोचून बसलेला असायचा. वणीत कोळशाची धूळ कशावर नसते? धम्मरत्नच्या मशीनवर नसायची. प्रत्येक कॅसेट भरण्याआधी तो स्पिरिटमध्ये कापूस बुडवून मशीनची हेडं पुसायचा. अख्ख्या जिल्ह्यात त्या वर्षी कापसाची एवढी इज्जत फक्त त्याच्याच दुकानात होती. बाहेर खरेदी केंद्रापुढे बैलबंड्यांची रांग चार-चार दिवस हलत नव्हती, बाजारातली दुकानं दुपारीच अर्धं शटर ओढून घेत होती. माझे बाबा, वामनराव, तहसील कचेरीत होते. दिवसभर पंचनामे लिहून घरी येत आणि ताटावर बसले की कोणाशी बोलत नसत. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा दिल्लीच्या पेपरांत यायला लागलं होतं, आणि ते यावं असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं.

अशा गावात हेवी मेटल आलं ते कोळशाच्या खाणीतून. खाणीवर शिलाँगकडचा एक इंजिनिअर होता. त्याचा बंद पडलेला डेक धम्मरत्नने जिवंत केला आणि बदली होऊन जाताना त्याने रस्टबेलच्या चारही कॅसेटी धम्मरत्नला देऊन टाकल्या. धम्मरत्नला त्या संगीताचं काडीचं प्रेम नव्हतं. त्याचं दुकान चालायचं भीमगीतांवर, कव्वाल्यांवर आणि लग्नाच्या गाण्यांवर. पण आमच्यासारखे पाच-सहा वाया गेलेले तरुण त्या कॅसेटींच्या नकला मागायला लागले, तेव्हा त्याने कव्हरवरच्या चित्रांवरून त्यांची नावं पाडली. पहिली घुबडवाली, दुसरी विहीरवाली, तिसरी शिडीवाली. चौथीच्या काळ्याभोर कव्हरवर काहीच नव्हतं, म्हणून ती नुसती चौथी. इंग्रजी नावं आम्हाला येत होती, पण ती घेतली की आम्हालाच शिष्टपणा वाटायचा.

एक मात्र होतं. भिंतीपलीकडच्या किसनरावांना ते संगीत सहन होत नव्हतं. "धम्मा, थ्या बोंबा आयकून माही शिलाई वाकडी जाते रे," असं ते एकदा म्हणाले आणि धम्मरत्नने तेव्हापासून आमच्या कॅसेटी आवाज पूर्ण बंद करून, नुसता मशीनवरचा काटा हलताना पाहून भरायला सुरुवात केली. दुकानात फक्त तेवढंच संगीत न ऐकता भरलं जायचं. बाकी प्रत्येक कॅसेट तो कानाने तपासून देई. 'धम्माची कॅसेट' म्हटलं की गिऱ्हाईक घरी जाऊन लावूनही पाहत नसे, इतका भरवसा.

आमचा अड्डा त्याच दुकानाच्या पायरीवर. विषय एकच, कोणती कॅसेट भारी. माझं म्हणणं विहीरवाली. हरिसिंगचं म्हणणं चौथी. हरिसिंग राठोड घाटंजीकडच्या तांड्यावरचा. घरचा कापूस पिकून हाती काही लागेना तेव्हा त्याने कोळशाच्या ट्रकचं स्टिअरिंग धरलं होतं. वणी ते चंद्रपूर, चंद्रपूर ते वणी, आणि केबिनमध्ये अखंड रस्टबेल. मी वॉकमनवर ऐकायचो, तो ट्रकमध्ये. पायरीवर बसून आम्ही फक्त भांडायचो, ऐकायची किसनरावांमुळे सोय नव्हती.

"चौथी म्हंजे असं वाटते," हरिसिंग म्हणायचा, "का एखादा गडी पाठीवर क्विंटलभर वझं घेऊन चढावानं चालून राह्यला. घाई नाई, काही नाई. धीरानं."

"धीरानं? अरे, कुत्रं मागे लागल्यासारखे पळतात ते चौथीत! बँड थकला होता, कॅसेट संपवून घरी जायची घाई होती त्यांना."

"सलील्या, तुह्या कानात बोंडअळी शिरली."

दोन वर्षं हे असंच चाललं. मजा होती त्यात. पण दोन हजार पाचच्या दिवाळीत मला बी. कॉम. होऊनही नोकरी नव्हती, बाबा बोलत नव्हते, आणि माझं डोकं सदा तापलेलं. हरिसिंग नेहमीच्या हुशारीत म्हणाला, "चौथीचा शेवट पाय ना! तो चिल्लावते अन् मधातच खल्लास! शब्द अर्धा, अन् सन्नाटा. अशी एंडिंग कोनी देते का?"

"शेवटी घंटा वाजते, हरिसिंग. सात ठोके."

"कोनती घंटा बे?"

"म्हणजे तू शेवटपर्यंत ऐकलीच नाहीस. झोपतोस गाडीत. आणि ऐकलीस तरी तुला काय कळणार? दहावीला इंग्रजीत गचकलेला माणूस!"

हरिसिंगने हातातला अर्धा चहा खाली ठेवला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि गेला. चूक कळायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. पण जाऊन माफी मागायला जी हिंमत लागते ती माझ्याकडे नव्हती. दीड महिना त्याचा ट्रक दुकानासमोर थांबला नाही.

आता धम्मरत्नचं सांगतो, कारण त्या दीड महिन्यात त्याचंही एक मोठं काम अडून होतं. त्याचे वडील डोमाजी हे आमच्या भागातले नावाजलेले गायक. जयंती असो, धम्मदीक्षेचा सोहळा असो, डोमाजी आणि त्यांच्यामागे कोरस धरणारी त्यांची बायको रुखमाबाई यांच्याशिवाय कार्यक्रम होत नसे. धम्मरत्न पाच वर्षांचा असताना डोमाजी गेले. वडिलांचा चेहरा त्याला फोटोतून माहीत होता, प्रत्यक्षातला आवाज मुळीच आठवत नव्हता. विहाराच्या कपाटात डोमाजींच्या सात कॅसेटी होत्या, दर जयंतीला वाजणाऱ्या. एकच प्रत, पट्टी जुनी झालेली. येत्या जयंतीला त्यांची सीडी काढायचं विहाराच्या कमिटीने ठरवलं होतं, आणि त्या कॅसेटी धम्मरत्नच्या हाती द्यायच्या की नागपूरच्या स्टुडिओत पाठवायच्या, हे रविवारच्या बैठकीत ठरणार होतं. कमिटीचे अध्यक्ष कोण? तर भिंतीपलीकडचे किसनराव. धम्मरत्न स्वतःबद्दल कधी काही मागत नसे. पण त्या आठवड्यात तो मला म्हणाला होता, "सलील, बापाचा आवाज दुसऱ्याच्या हातानं कायले साफ करू द्यायचा? मले एकदा तरी त्याईले जवळून आयकायचं हाय."

तरीही बैठकीच्या चार दिवस आधी, स्वतःच्या कामाचं सोडून, तो आमच्या भांडणात पडला. हरिसिंगला कोळशाच्या वजनकाट्यावर गाठून त्याने निरोप दिला, मला घरी येऊन सांगितलं. "दोघंई आपापली चौथी घेऊन या. एक घंटा म्हनते, एक नाई म्हनते. दोघंई खोटं बोलनारे नाई. मंग झालं काय?"

बुधवारी दुपारी आम्ही गेलो. एकमेकांकडे न बघता. धम्मरत्नने किसनरावांकडून दहा मिनिटांची परवानगी काढली होती आणि तेही गळ्यात टेप अडकवून, तोंड कडू करून दारात उभे राहिले. त्याने आधी माझी चौथी शेवटच्या गाण्यापासून लावली. मग त्याच मशीनवर हरिसिंगची.

मला आधी वाटलं मशीन बिघडलं. तेच गाणं, तेच ड्रम, पण सगळं खाली उतरलेलं, जड झालेलं. गाणाऱ्याचा गळा जमिनीतून येतोय असं वाटत होतं. हरिसिंगने सांगितलेला चढ मला दिसला, वझं दिसलं, धीर दिसला. बाजू संपत आली आणि तो ओरडला, आणि शब्द अर्धा राहून पट्टी संपली. घंटा नाहीच.

दोन वर्षं आम्ही एका कॅसेटीवर भांडत होतो आणि कॅसेटी होत्या दोन.

फळीवरून धम्मरत्नने जुनं डबल कॅसेटचं मशीन काढलं. आमच्या बोंबा तो त्याच्यावरच भरायचा, कारण चांगलं मशीन भीमगीतांसाठी राखलेलं. झाकण उघडलं, आतला रबरी पट्टा बोटाने उचलला. तो लोंबत होता. मेच्या उन्हात ढिला पडून पट्टा घसरायचा, मूळ कॅसेट हळू फिरायची, कोरी नेहमीच्या वेगाने, आणि नकलेत गाणं तसंच हळू उतरायचं. माझी कॅसेट जानेवारीतली, हरिसिंगची मेमधली. तीस मिनिटांच्या बाजूत हळू झालेलं गाणं मावलं नाही, म्हणून घंटा कापली गेली. आवाज बंद ठेवल्यामुळे भरणाऱ्याच्या कानावर यातलं काहीच गेलं नव्हतं.

मी हळूच म्हणालो, "धम्माभाऊ, म्हणा ना, कॅसेटच खराब होती." किसनराव तिथेच उभे होते आणि रविवार चार दिवसांवर होता. मशीनचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. एका वाक्यात सगळं निभावलं असतं.

"कॅसेटचा काय दोष?" तो मोठ्याने म्हणाला, किसनरावांना ऐकू जाईल असं. "माह्या मशीनचा पट्टा ढिला होता. अन् म्या आयकल्याबिगर कॅसेट देल्ली. चूक माही हाय. हरिसिंग, तुले नवी भरून देतो. सलील, तू याले बोलला तेही माह्याच पायी."

हे शेवटचं मला झोंबलं. माझं तोंड माझंच होतं, त्याला कोणता पट्टा नव्हता. मी हरिसिंगला म्हणालो, "चुकलं माझं. इंग्रजीचं बोलायला नको होतं मी."

"माहं इंग्रजी कच्चंच हाय," हरिसिंग म्हणाला. "कान पक्के हाय." मग धम्मरत्नच्या हातातून त्याने आपली कॅसेट काढून खिशात घातली. "नवी नाई पायजे मले. हेच खरी चौथी." आणि जाताजाता माझ्या पाठीत असा धपाटा घातला की दीड महिन्याचा हिशेब चुकता झाला. तिची नक्कल मी धम्मरत्नकडून त्याच आठवड्यात करून घेतली. आजही माझ्याजवळ तीच आहे.

रविवारी कमिटीने कॅसेटी नागपूरला पाठवायचं ठरवलं. किसनराव वाईट मनाचे नव्हते, त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. "धम्मा, मानूस तू सच्चा हायस. पन मशीनचं कसं सांगता येते? एकच कॉपी हाय आपल्यापाशी." धम्मरत्नने मान हलवली आणि समोरचं काम पुढे चालू केलं. मी मात्र जाम भडकलो. ते गेल्यावर म्हणालो, "काय मिळालं खरं बोलून? बापाचा आवाज गेला ना दुसऱ्याच्या हातात?"

"मंग काय खोटं बोलून त्याईचा आवाज घरी आनू?" एवढंच तो म्हणाला.

मी पुढे बँकेत लागलो, बऱ्याच गावी फिरलो, आणि कागदावर झालेली माझी चूक दुसऱ्याच्या माथी मारायची संधी मला अनेकदा मिळाली. प्रत्येक वेळी तो लोंबणारा पट्टा दाखवणारं बोट डोळ्यांपुढे आलं. मी काही साधू झालो नाही, पण 'माझी चूक आहे' हे वाक्य मला बोलता येतं, आणि ते त्या पायरीवर शिकलेलं आहे. कॉलेजात मला असं काही कोणी शिकवलं नव्हतं.

मार्चमध्ये सीडी आली. विहारात दुपारी सगळे जमले. नागपूरवाल्यांनी खरखर छान काढली होती, एकेक शब्द स्वच्छ. आवाज मात्र नेहमीचा, कॅसेटींतून सगळ्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेला, बारीक आणि घाईचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुखमाबाई मधूनच उठून बाहेर पायरीवर येऊन बसल्या. बाया म्हणाल्या, आठवण आली असेल. धम्मरत्न त्यांच्यापाशी गेला, मागे मी.

"आई, काय झालं वो?"

"काई नाई. ते असे नोहते. मशीनमधी आवाज बदलते, काय करता."

"कसे होते मंग?"

"भारी आवाज होता. जड. मले खाली उतरून कोरस धरा लागे. ह्या सीडीसंग मले गाताच येत नाई, गळा पुरत नाई तेवढा वर."

दर जयंतीला त्या असंच म्हणत असतील, आणि म्हातारं माणूस म्हणून सगळे सोडून देत असतील. या वेळी धम्मरत्न तिथल्या तिथे उभा राहिला. मग तडक आत जाऊन त्याने किसनरावांना विचारलं, "किसनकाका, बाबाच्या कॅसेटी भरल्या कोनी?"

"म्याच तं. वस्तीत लाइट कुठं होती तवा? माहा सेलवाला टेप होता."

"सेल नवे होते?"

किसनराव हसले. "नवे कुठून आनता? तेच सेल उनात ठेवू ठेवू आठ दिवस चालवले." आणि मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. दिवाळीनंतरच्या त्या बुधवारी दारात उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं होतं. सेल उतरलेले, म्हणजे इथे उलटं, भरणारा टेपच हळू फिरलेला. हळू फिरवून भरलेला आवाज नीट वेगाच्या मशीनवर लावला तर तो पळणारच. अठ्ठावीस वर्षं गाव डोमाजींना पळवत होतं. किसनराव उठले, कमिटी, बैठक, काही न विचारता कपाट उघडलं आणि कॅसेटींचा डबा धम्मरत्नच्या हातात दिला. "माहीच चूक हाय लेका," ते म्हणाले. आपल्या अध्यक्षपणाची त्यांनी पर्वा केली नाही, यासाठी मला ते आवडायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हरिसिंगने आणि मी चांगलं मशीन उचलून धम्मरत्नच्या घरी नेलं. दुकानात रुखमाबाईंना संकोच वाटला असता. त्या भिंतीला टेकून बसल्या, किसनराव दारात. डेकच्या मोटरला मागून एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की वेग कमी-जास्त होतो. धम्मरत्नने पहिली कॅसेट लावली, स्क्रू जरासा फिरवला आणि आईकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आणखी फिरवला. नाही. तो काट्याकडे बघतच नव्हता, आईच्या तोंडाकडे बघत होता. चौथ्यांदा की पाचव्यांदा, आवाज रुंद झाला आणि खोलीभर पसरला. ओळ संपली, आणि कोरसची जागा आली तशी रुखमाबाईंनी, डोळे मिटलेले असतानाच, खालच्या सुरात ओळ उचलली. कॅसेटमधल्या त्यांच्या स्वतःच्या तरुण आवाजात त्यांचा आत्ताचा आवाज मिसळून गेला.

धम्मरत्नने स्क्रूवरचा हात काढला. त्याचा बाप त्याच्यासमोर गात होता, एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा.

गाणं संपलं. दोन गाण्यांच्या मध्ये त्या कॅसेटीत एक चिवचिवाट होता. माइकजवळ कोणाचं तरी पोर बोललं असेल असं सगळे धरून चालले होते, नागपूरवाल्यांनी तर तो कापूनच टाकला होता. मूळ कॅसेटीत तो आला, पण पोराचा नव्हता. दमलेल्या, भारी आवाजात डोमाजी म्हणाले, "रुखमे, पानी आन."

रुखमाबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, लगबगीने आत गेल्या, माठातून गिलास भरून बाहेर आल्या आणि मशीनपुढे येऊन उभ्या राहिल्या. गिलास कोणाला द्यायचा ते त्यांना कळेना. पुढचं गाणं सुरू झालं होतं. धम्मरत्न उठला, त्याने तो गिलास त्यांच्या हातातून घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.